वॉटीच्या तारा आणि दहा बादल्या

सोमवारी सकाळी किल्ब्रॅनीच्या चर्चमागच्या हिरवळीवर सारं गाव लोटलं होतं. मधोमध वॉटी लम्सडेन दोन वाकवलेल्या तारा हातात धरून सावकाश चालत होता. कुंपणापाशी पोचला आणि तारा आपसूक एकमेकींवर आडव्या झाल्या. टेनंटसाहेबांनी खूण केली, दोघांनी कुदळ मारली आणि हातभर खाली चर्चचा जुना निचऱ्याचा पाईप निघाला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तसं वॉटीच्या तारांचं गावाला नवल नव्हतं. तो समुद्रकाठच्या गोल्फ मैदानाचा मुख्य माळी. मैदानाखाली निचऱ्याच्या पाईपांचं जाळं आहे, आणि त्यातला एखादा तुंबला की गेली चाळीस वर्षं वॉटी तारा घेऊन निघतो. पाणाड्या म्हणून चार गावांत त्याचं नाव होतं. एरवी तोंडातून शब्द काढायला नाखूष असलेल्या ह्या माणसाला तेवढाच एक अभिमान होता.

नवल होतं ते तारेवर भाकीत सांगत गावोगाव फिरणाऱ्या टेनंटसाहेबांचं. गुरुवारपासून ह्याच मैदानावर व्यावसायिक गोल्फपटूंची मोठी स्पर्धा, दीडशेच्या वर खेळाडू, आणि जिंकणार कोण ते साहेबांची तार आधीच सांगणार.

"मंडळी," साहेब म्हणाले, "मातीखालचं मुकं पाणी जर वॉटीच्या तारेला कळतं, तर चालत्याबोलत्या खेळाडूच्या विजयाची लहर माझ्या तारेला का कळू नये? पाणी गप्प असतं. विजेता आतून ओरडत असतो."

म्हणजे आधी वॉटीचा पाईप, मग साहेबांची लहर. पाईप डोळ्यांनी दिसला होता, त्यामुळे लहरीबद्दल विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मग एकेकाने सभागृहात पडद्यामागे जायचं आणि डब्यात दहा पौंड टाकायचे. टेबलावर खेळाडूंचे फोटो मांडलेले असत. साहेबांची तार त्यांवरून फिरे आणि एकावर थरथरे. पैज कुणावर लावायची ते नाव कानात सांगितलं जाई, आणि सोबत शपथ घातली जाई. शेवटचा चेंडू होलमध्ये पडेपर्यंत हे नाव लग्नाच्या बायकोलासुद्धा सांगायचं नाही. सांगितलं की लहर फुटली आणि पैसे बुडाले. साहेब स्वतः मात्र पैज लावत नसत. तारेला म्हणे स्वार्थ खपत नाही. माणशी दहा पौंड तिला कसे खपत होते, ते तीच जाणे.

पलीकडच्या गावातल्या एका मासेवालीने मागच्या वर्षी साहेबांनी सांगितलेल्या नावावर नव्वदला एक भावाने, म्हणजे पौंडामागे नव्वद पौंड, पैज जिंकली होती, हे अगदी खरं होतं. ती नव्या गाडीतून मासे विकत फिरायची आणि प्रत्येक माशाबरोबर टेनंटसाहेबांची कथा फुकट द्यायची.

वॉटीची बायको नेटी पडद्यामागून काठी टेकत बाहेर आली ती हसतच. तिचा उजवा खुबा पार झिजला होता. वर्षभर तिला जिना चढता आला नव्हता आणि ती खालच्या खोलीत सोफ्यावर झोपत होती. सरकारी इस्पितळाची रांग लांबलचक. खासगीत ऑपरेशन करायचं म्हणून दोघं पैसे साठवत होती, पण अजून जेमतेम निम्मे जमले होते.

"ते सगळे लावते," ती घरी आल्यावर म्हणाली. "बुधवारी संध्याकाळी. गुरुवारी पहिला चेंडू उडाला की भाव बंद."

"नेटी, सगळे नको गं लावूस."

"का? तुझ्या तारा खोट्या आहेत?"

"माझ्या नाहीत."

"मग त्याच्या कशा खोट्या असतील रे? त्याच्या शेजारी छाती काढून कोण उभं होतं आज?"

 टेनंट वॉटीला पहिल्यापासून पटला नव्हता. पण त्याला खोटं म्हणायला तोंड उघडावं तर स्वतःच्या तारा आड येत होत्या. जमीन फसवत नाही हे तोच तर चाळीस वर्षं गावाला सांगत आला होता. आपल्याच हातांनी विणलेल्या जाळ्यात आपण आपल्या बायकोला घेऊन अडकलोय असं त्याला वाटलं, आणि त्याची भूक मेली.

मंगळवारी दुपारी तो शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या पेट्रीबाईंकडे गेला. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "टेनंटचं राहू दे. तू स्वतःला कधी तपासलंयस?"

"पाईप सापडतात की, बाई."

"ते सापडतातच. पण कोण शोधतं, तारा की तू?"

मैदानाच्या अवजारांच्या शेडमागे त्यांनी दहा बादल्या पालथ्या घातल्या आणि एकीखाली पाण्याने भरलेला डबा ठेवला. आधी वॉटीच्या डोळ्यांदेखत ठेवला. तारा त्या बादलीवर अशा झटक्यात आडव्या झाल्या की त्याला हायसं वाटलं. मग त्यांनी त्याला दूर पाठवलं, डबा हलवला आणि स्वतः शेडमध्ये जाऊन बसल्या. असं वीस वेळा केलं. तारा दर वेळी आडव्या झाल्या, दर वेळी तेवढ्याच जोमाने. पाणी दोनदा सापडलं.

"डोळे मिटून बोटं ठेवली असती तरी दोनदा सापडलं असतं," बाई हलकेच म्हणाल्या. "वॉटी, मन जे धरून बसतं त्याच्याकडे मनगट झुकतं, केसभर. तेवढ्याने तार फिरते. तू लबाड नाहीस. मैदानावर तुला उतार दिसतो, गवताचा रंग दिसतो, निम्मे पाईप तूच पुरलेस. इथे तुला काहीच माहीत नव्हतं, म्हणून तारांनाही नव्हतं."

वॉटी एका पालथ्या बादलीवर बसून राहिला. त्याला लाज वाटली, आणि त्याहून जास्त रिकामं वाटलं.

घरी त्याने नेटीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, बादल्या म्हणजे काही जमीन नव्हे. आणि टेनंटची कीर्ती तुला खुपतेय, असंही म्हणाली. गावही हेच म्हणणार होतं.

बुधवारी दुपारी सभागृह खच्चून भरलं होतं. साहेबांनी सोमवारसारखंच वॉटीला तारा दाखवायला मंचावर बोलावलं. वॉटी आला तो दहा बादल्या घेऊन, आणि मागून पेट्रीबाई. लोकांना हा नवा खेळ वाटला. वॉटी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मधे पडदा ओढून बाईंनी बादल्या पालथ्या मांडल्या, एकीखाली पाण्याचा डबा ठेवला, पडदा सारला आणि त्या बाहेर निघून गेल्या.

चौथ्या बादलीवर तारा आडव्या झाल्या. वॉटीने बादली उचलली, खाली काही नव्हतं. मग सातवीवर झाल्या, तिथेही काही नव्हतं. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"हवेत संशय फार आहे," साहेब घाईने म्हणाले. "संशयाने लहर विरते."

"पाण्याला संशय कुठून कळणार?" वॉटी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मंडळी, परवाचा पाईप मला ठाऊक होता. कुंपणाला समांतर गवताचा पट्टा गडद आहे, तुम्हीही जाऊन बघा. चाळीस वर्षं मी डोळ्यांनी शोधत आलो आणि श्रेय तारांना देत आलो. मी तुम्हाला फसवलं, कारण मीच फसलो होतो. आता एकच मागतो. पडद्यामागे सांगितलेलं नाव प्रत्येकाने मोठ्याने सांगा."

"लहर फुटेल!" साहेब ओरडले.

 प्रत्येकाला शेजाऱ्याचं नाव ऐकायचं होतं, आपलं सांगायचं नव्हतं. वॉटी मंचावर एकटा उभा होता, हातात त्या तारा. तेव्हा काठीचा आवाज झाला आणि नेटी उभी राहिली. नवऱ्याकडे बघत ती म्हणाली, "टोर्बेन यूल."

"काय?" डगी खाटीक म्हणाला. "मला तर पोवेल सांगितला."

"मला बर्रोस," पोस्टातली बाई म्हणाली. मग एकच कल्ला झाला. पेट्रीबाई आत येऊन फळ्यावर लिहीत गेल्या. माणसं एकसष्ट निघाली आणि नावं चव्वेचाळीस.

बाईंना फारसं समजवावं लागलं नाही. गावोगाव शेकडो माणसांना वेगवेगळी नावं वाटायची आणि शपथेने तोंडं शिवायची. एखाद्याला लागतंच, तो आयुष्यभर बोलतो. बाकीच्यांना वाटतं आपण कुठेतरी बोलून गेलो आणि लहर फोडली, म्हणून ते शरमेने गप्प बसतात. मासेवालीबरोबर आणखी किती जणांनी तार विचारली होती, हे आजवर कुणी मोजलंच नव्हतं. फळ्याकडून माना वळल्या तेव्हा मागचं दार उघडं होतं आणि पैशांचा डबा गेला होता. फोटो तेवढे राहिले होते.

इथे गोष्ट संपली असती तर वॉटी सुखाने जेवला असता. पण रविवारी, चौथ्या दिवशी, टोर्बेन यूल जिंकला. भाव होता ऐंशीला एक, आणि नेटीने एक पौंडही लावला नव्हता.

शेवटच्या होलपाशी नेटीला खुर्ची दिली होती आणि वॉटी तिच्यामागे उभा होता. चेंडू पडला तसे गावाचे डोळे त्यांच्याकडे वळले. वॉटीला वाटलं, मैदानाने आपल्याला आत ओढून घ्यावं.

"लम्सडेन," डगी म्हणाला, "बायकोचा पाय घालवलास बघ."

 नेटीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिने ते पुसलंही नाही.

"वाईट वाटतंय, डगी," ती म्हणाली. "जिन्याकडे बघेन तेव्हा दर वेळी वाटेल. पण चव्वेचाळीस नावं होती. त्यांतलं एक माझ्या कानात पडलं, एवढंच. बुधवारी मी तोंड मिटून पैसे लावले असते तर उद्यापासून मीही त्या मासेवालीसारखी गावोगाव सांगत फिरले असते, आणि पुढच्या वर्षी तू दुकान गहाण टाकून पोवेलवर लावलं असतंस. पोवेल कितवा आला रे?"

पोवेल दुसऱ्याच दिवशी स्पर्धेतून बाहेर पडला होता. 

सोमवारी बाराव्या होलचा पाईप तुंबला. वॉटी तारा न घेता गेला, गुडघ्यावर बसून गवत बघितलं आणि तासाभरात पाईप उघडा केला. नेटीचा खुबा अजून दुखतो, आणि साठवलेले पैसे निम्म्याच्या थोडे पुढे सरकलेत.

वाचकहो, चमत्कार पाहिलेला माणूस भेटला तर त्याला खोटं पाडायला जाऊ नका. मासेवालीही खरंच सांगत होती. फक्त विचारा, तुझ्याबरोबर आणखी किती जण पडद्यामागे गेले होते, आणि ते आज कुठे गप्प बसलेत? आणि नंतर, जमलंच तर, पडद्यामागे आपल्या कानात सांगितलेलं नाव नेटीसारखं उठून मोठ्याने सांगा.