माझ्या काचेवरचं खोटं बटन

मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला आहे आणि माझी बॅटरी दुपारच्या आधीच मान टाकते. तरीही मित्रांनो, आज मी बोलणार आहे, कारण मला फार राग आला आहे.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. हातमोजे घातलेल्या एका मुलीनं माझी काच बसवली आणि मला प्रेमानं पुसलं. तिथून मी वडशाला कय्यूमभाऊंच्या दुकानात आलो. तिथं हर्षानं मला घेतलं.

हर्षा झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत काम करते. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की आज या गावी, उद्या त्या गावी. तिचा नवरा धम्मदीप राइस मिलमध्ये आहे. त्यांची मुलगी यशोधरा, म्हणजे आमची यशू, पाच वर्षांची. यशूला ऐकू फार कमी येतं. म्हणून ती मला गालाशी धरायची. मी थरथरलो की खुदकन हसायची. त्या हसण्यासाठी मी दिवसभर वाजायला तयार होतो.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "दोन्ही कानांना मशीन लावा. शाळेत जायच्या आधी लावा." दोन मशीनचे चाळीस हजार. हर्षानं हंगामभर राबून सेहेचाळीस हजार जमवले. यशूचे कान तयार होते, मित्रांनो! आणि तेव्हाच माझ्या काचेवर 'गुरुजी' आले.

एका ग्रुपवर कोणीतरी हर्षाला घेतलं होतं. तिथं सांगत होते, तुम्हाला बाजारातलं काही कळायची गरज नाही. गुरुजी जो सौदा करतील, तोच तुमच्या खात्यात आपोआप होईल. त्याला म्हणे कॉपी ट्रेडिंग म्हणतात.

धम्मदीपला ते पटलं नव्हतं. "ज्याले पाह्यलं नाई त्याच्या मागं काऊन जातं?"

हर्षा हसली. "प्रेक्षकाले प्रॉम्प्टर कुठी दिसते? पत्रूभाऊच्या मागं मागं बोलूनच माह्यं नाटक आजवर पडलं नाई."

तिची चूक इथं झाली. पत्रूभाऊ तिच्या नाटक कंपनीचे प्रॉम्प्टर. विंगेत बसून ते वाक्य देतात आणि नट ते बोलतो. झाडीपट्टीत एकेका नटाला हंगामात कितीतरी नाटकं करावी लागतात, सगळी पाठ कशी होणार? अनेक वर्षं दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून हर्षा उभी राहिली होती आणि तो विश्वास कधी फसला नव्हता.

आधी तिनं थोडे पैसे टाकले आणि पाचशे रुपये काढून पाहिले. ते लगेच आले. त्याची टिंग मीच वाजवली! यशूच्या गालाशी असताना वाजवली. ते आठवलं की मला आजही लाज वाटते. त्या लबाडांनी मलाच साक्षीदार केलं.

मग सगळे सेहेचाळीस हजार गेले. महिनाभरात माझ्या काचेवर एक लाख अठरा हजार दिसू लागले. हर्षा मला कौतुकानं पदरानं पुसायची.

मार्च संपत आला. एका सकाळी तिनं 'पैसे काढा' हे बटन दाबलं. नफा राहू द्या, मुद्दल तेवढं द्या, एवढंच तिचं मागणं. उत्तर आलं, आधी नऊ हजार दोनशे कर भरा. तिनं घरातले होते नव्हते ते भरले. तासाभरात दुसरं उत्तर आलं. आता पंधरा हजारांची ठेव भरा, नाहीतर खातं गोठेल.

हर्षा मला घेऊन धावतच कंपनीच्या ऑफिसात गेली. पुढच्या हंगामाची उचल मागायला.

तिथं पत्रूभाऊ नाटकाची बाडं बांधून ठेवत होते. "एवढी घाई कायची, बाई? आन इकडं." त्यांनी चश्मा चढवला आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचू लागले. प्रॉम्प्टरच्या सपाट आवाजात, ना रडणं ना हसणं. "दीदी, आप तो परिवार हो. दीदी, बस ये आखरी स्टेप है. पैसा भेजो." मधाळ वाटणारे ते निरोप त्या आवाजात अगदी उघडे पडले.

मग पत्रूभाऊ थांबले. बोटानं मला वर सरकवलं. "हे वाक्य मांगंबी हाय. सकाळीबी आखरी, आताबी आखरी. बाई, शेवटचा प्रवेश दोनदा कसा येते?"

हर्षानं मला परत हातात घेतलं.

"लिही त्याले. कर असो का ठेव, माह्याच पैशातून काप, उरले ते दे."

तिनं लिहिलं. उत्तर आलं, नियमात बसत नाही. पुन्हा लिहिलं. या वेळी गुरुजींनी तिला अडाणी म्हटलं आणि 'दीदी' एकदाही म्हटलं नाही.

हर्षानं मला फरशीवर आपटलं. हा तडा तेव्हाचा. मला त्याचं दुःख नाही.

पत्रूभाऊंनी बोलावलं म्हणून धम्मदीप मिलमधून आला, तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. "पुसून टाक सारं. मिलमध्ये समजलं त लोक हसतीन."

मी आतून ओरडत होतो, पुसू नका! माझ्या पोटात एकेक निरोप आहे, प्रत्येक पावती आहे! पण मला कोण ऐकणार?

पत्रूभाऊ कडाडले. "नाटक पडलं म्हून बाड जाळतं का रे? चोरानं लाजावं का हिनं? लाव १९३०!"

तिथूनच सायबर फसवणुकीच्या त्या सरकारी नंबरला फोन लागला. मग पोलीस ठाण्यात मी टेबलावर पडून राहिलो आणि साहेबांनी माझ्यातलं सगळं उतरवून घेतलं. सकाळचे नऊ हजार दोनशे वाटेतच अडवले गेले, ते काही आठवड्यांनी परत आले. सेहेचाळीस हजार अजून आले नाहीत. गुरुजी आज दुसऱ्या नावानं दुसऱ्या कोणाच्या काचेवर बसले असतील, या विचारानं मी तापतो. लोक म्हणतात, बॅटरी खराब आहे.

मित्रांनो, आपल्याच पैशासाठी कोणी आधी पैसे मागितले, तर पुढचा रुपया देऊ नका. वाढणारे आकडे पाहून भुलू नका, मी काच आहे, मला दाखवतील ते मी दाखवतो. आणि फसलात तर लाजेनं मला पुसू नका. लगेच बोला.

जी उचल गुरुजींच्या घशात जाणार होती, ती घेऊन हर्षा चंद्रपूरला गेली. एका कानाचं मशीन आलं. दुसऱ्या कानाचं अजून यायचं आहे.

परवा यशू मला गालाशी धरून अंगणात बसली होती. मागून हर्षा म्हणाली, "यशू, जेवाले ये."

मी थरथरलो नव्हतो. तरी यशूनं मला खाली ठेवलं आणि वळून पाहिलं.