सैल स्क्रूचे नऊ दिवस

मित्रांनो, गोदामाच्या कोपऱ्यात झाडू आणि हॉकीच्या मोडक्या काठ्यांमध्ये जो लांबलचक दांडा उभा दिसतो ना, तो मीच. मी बर्फावर गोल काढायचा एक जुना कंपास आहे. आता मला कोणी विचारत नाही, कारण बर्फावर स्केटच्या पात्याने आकडे गिरवायची परीक्षाच बंद झाली. वाईट वाटतं, पण खरं सांगू? थोडं सुटल्यासारखंही वाटतं. माझं निम्मं आयुष्य भीतीत गेलं आहे, आणि त्यातले नऊ दिवस तर मी कधीच विसरणार नाही.

माझा जन्म चेक देशाच्या मोराव्हिया भागातल्या एका कोळशाच्या गावात झाला. खाणीच्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या व्लादिमीरने मला टाकाऊ नळ्यांतून घडवलं. एकात एक सरकणाऱ्या तीन नळ्या, एका टोकाला बर्फात रोवायचा खिळा, दुसऱ्या टोकाला रेघ ओढायचं पातं, आणि लांबी ठरली की आवळायला एक कानांचा स्क्रू. त्याची मुलगी ब्लांका स्केटिंग शिकत होती. तिच्या मापाची खूणही त्याने माझ्या नळीवर कोरली. मला खांद्यावर टाकून तो रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, आला तेव्हा लिबुशेबाई, म्हणजे मुलींच्या शिक्षिका, मला निरखून बघत म्हणाल्या की शहरातल्या क्लबातही असा कंपास नाही. व्लादिमीरची छाती फुगली होती, आणि माझीही.

काम सोपं नव्हतं हो. पहाटे साडेपाचला सहा मुली बर्फावर उतरायच्या. प्रत्येकीला आपापला तुकडा. गाणं नाही, बोलणं नाही, फक्त पात्यांची करकर. मी आधी एक गोल काढायचा, मग त्याला चिकटून दुसरा, की झाला आठाचा आकडा. मग ब्लांका एका पायावर डावा गोल घ्यायची, दुसऱ्या पायावर उजवा, आणि पुन्हा त्याच रेघेवरून, तीन वेळा. पाय बोटभर ढळला तरी बर्फावर चोरी उघडी पडायची. त्या शांततेचं मला भय वाटायचं. सगळ्या मुली माझ्या रेघेवर विसंबून असत, आणि मी चुकलो तर?

तेरा वर्षांची होईपर्यंत आकड्यांची सहाव्या पायरीची परीक्षा पास झाली नाही, तर मुलीला तुकडीतून काढत. ब्लांका आधी एकदा नापास झाली होती आणि मार्चमध्ये तिला तेरा वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे ही शेवटची संधी.

परीक्षेला दहा दिवस उरले होते. या वेळी परीक्षेला एकटी ब्लांकाच बसणार होती, म्हणून मी तिच्याकडेच असायचो. सराव संपल्यावर ब्लांका आणि तिची मैत्रीण मला टेकवून बोळात उड्या मारत होत्या. पोरीच त्या, किती वेळ गप्प राहणार? मी निसटलो आणि फरशीवर आपटलो. स्क्रूचा एक कान तुटला, आतले आटे गेले. बाईंचा एक नियम होता : सामान मोडलं तर चालेल, लपवलं तर परीक्षेच्या यादीतून नाव कापणार. दोन वर्षांपूर्वी इत्का नावाच्या मुलीचं नाव त्यांनी खरंच कापलं होतं. तेव्हा त्याच क्षणी सांगायला हवं होतं की नाही? पण भीतीपुढे शहाणपण टिकत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून तिने बुटाला बांधायची पांढरी चिकटपट्टी माझ्या सांध्यावर गच्च गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं की ही पट्टी कशाला. ब्लांका म्हणाली, थंडीत लोखंडाचा हाताला चटका बसतो. बाई म्हणाल्या, हुशार आहेस. मला मात्र ते ऐकवेना.

कारण मी घसरत होतो, मित्रांनो. डावा गोल नीट यायचा. मग ती मला उचलून उजवीकडे ठेवायची, त्या हिसक्याने माझी नळी चार बोटं बाहेर यायची आणि पट्टीला अडून थांबायची. रोज तेवढीच, रोज उजवीकडेच. मला उभं करून ठेवलं की वजनाने नळी परत आत जायची, आणि मापाची खूण तर पट्टीखाली झाकलेली. ओरडून सांगावंसं वाटायचं, पण नळीला कुठून आलं तोंड? तिचा पाय बिचारा बरोबर वळायचा. पण रेघ बाहेर दिसली की ती स्वतःलाच दोष द्यायची आणि ओढूनताणून बाहेर जायची. तिने पायावर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला. हळूहळू पायही माझ्यासारखाच चुकायला लागला.

सहाव्या दिवशी लिबुशेबाई म्हणाल्या, "ब्लांका, उजवा गोल मोठा वाटतोय गं." ब्लांकाने मला आणून उजव्या गोलावर ठेवलं. मी घसरलो आणि नेमका रेघेवर बसलो. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा वाकून पाहिलं आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.

त्या सकाळी बाई आणि बर्फाचं यंत्र चालवणारे ओताकारकाका चहा पीत बसले होते. ब्लांका बाकावर बुटाचे बंद सोडत होती, मी तिच्या शेजारी.

"ही परीक्षा झाली की रिंकची किल्ली परत करते, शिकवणं बंद, ओताकार," बाई म्हणाल्या. "मला गोल दिसेनासे झाले. ज्या बाईला गोल दिसत नाही, तिने पोरींच्या पायाशी खेळू नये."

काकांनी थट्टा केली की मग माझ्या यंत्रावर बसा, त्याला कुठे डोळे लागतात. बाई हसल्या नाहीत. तीस वर्षं या बर्फावर काढलेली बाई ती. माझ्यामुळे चालली होती! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठव्या दिवशी हॉकीच्या पोरांनी ब्लांकाच्या डाव्या गोलावर खरवडून ठेवलं, म्हणून उजवा काढून झाल्यावर तिने डावा पुन्हा गिरवायला घेतला. रेघ रेघेवर पडेना, चार बोटं बाहेरून जायला लागली. ती थांबली. पट्टी चाचपली. नळी आत ढकलली, बाहेर ओढली. तिला सगळं कळलं. आणि तरी त्या दिवशी ती काही बोलली नाही. सांगितलं तर नाव कापणार, न सांगितलं तर बाई जाणार. घरी तिने बटाट्याच्या सूपाला हात लावला नाही, असं तिचे वडील नंतर म्हणाले.

नवव्या दिवशी, परीक्षेच्या आदल्या सकाळी, ती मला दोन्ही हातांत धरून बाईंसमोर उभी राहिली.

"बाई, तुमचे डोळे चांगले आहेत. स्क्रू मी मोडला. चटक्याचं खोटं सांगितलं."

बाईंनी पट्टी सोडली, झिजलेलं भोक बोटाने चाचपलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मला दिसत होतं."

"माझं नाव कापणार ना?"

"कापायला हवं. पण तू सांगितलंस, मी शोधलं नाही. उद्या ये. आत्ता कंपासाची रेघ न काढता आकडा गिरव बघू."

ब्लांकाने गिरवला. तासभर गिरवला. डावा सुंदर, उजवा बाहेर. पाय काही ऐकेना. नऊ दिवस घोटवलेलं एका तासात कसं पुसणार?

दुसऱ्या दिवशी परीक्षेला कोरा बर्फ होता. तिथे कंपास चालत नाही, म्हणून मी कठड्याला टेकून होतो. तीन पंच लांब कोट घालून उभे. ब्लांका निघाली. मला बघवेना, पण डोळे मिटायला मला पापण्या कुठे आहेत? तिचं झाल्यावर पंच गुडघ्यांवर बसले, हाताच्या झाडणीने भुगा सारला, पावलं मोजली.

"बाई, हिचा उजवा गोल मोठा आहे," त्यांच्यातले वडीलधारे म्हणाले.

"हो," लिबुशेबाई कठड्यापासून म्हणाल्या. "मला इथून दिसतोय."

ब्लांका नापास झाली. बाईंनी किल्ली परत केली नाही. त्या पुढे अकरा वर्षं शिकवत राहिल्या. सोमवारी पहाटे मात्र बर्फावर पाचच मुली होत्या.

त्याच आठवड्यात व्लादिमीर मला घेऊन गेला आणि नवा स्क्रू बसवून आणला. त्यानंतर मी कधी घसरलो नाही, पुष्कळ मुली माझ्या रेघेवर पास झाल्या.

मित्रांनो, आम्हा वस्तूंची काळजी घ्या, हे तर मी सांगेनच. पण हातून काही मोडलं, तर ते त्याच दिवशी मोठ्यांना सांगा. रागावतील, रागावू देत. आम्हाला बोलता येत नाही, ते तुम्हालाच बोलावं लागतं. तो स्क्रू बसवायला ब्लांकाच्या बाबांना अर्धा तास लागला होता.