कोरी चिप

बेंडिगो गावात कोल्ह्याने नोरीनच्या दोन कोंबड्या नेल्या. कुंपणापाशी पिसं फुलांसारखी सांडली होती. खुराड्याचं दार सांजेला आपोआप मिटावं, म्हणून तिच्या नवऱ्याने, क्लाइव्हने, चिप आणली. तिच्यात आज्ञा भरायला प्रोग्रामर हवा, म्हणजे एक छोटं उपकरण. तयार घेणं क्लाइव्हला कमीपणाचं वाटलं. तीन आठवडे शेडमध्ये जीव लावून त्याने तो स्वतः बनवला, शेवटच्या तारेला डाख दिला, आणि मग सूचनांचा कागद नीट वाचला. प्रोग्रामरच्या पोटातही एक चिप होती, कोरी. ती भरायला आधी प्रोग्रामर हवा.

“झालं का रे?” नोरीनने विचारलं.

“झालंच. फक्त एक प्रोग्रामर विकत आणायचाय.”

“मग हा कशाला?”

“पुढच्या वेळी विकत घ्यायला नको!”

“बरं हो, शास्त्रीबुवा,” म्हणत नोरीन खुराड्याचं दार लावायला निघाली.