आखाजीचं चॉकलेट

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उद्यावर आली तरी शेवंताबाईने घागर आणली नव्हती. असोद्यात सगळ्यांच्या दारी कुंभाराकडच्या नव्या घागरी येऊन पडल्या होत्या. घरातलं माणूस गेलं की आखाजीला त्याच्या नावाने घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, निखाऱ्यावर घास टाकायचा. तेवढं झालं की गेलेलं माणूस पितरांत जाऊन बसतं. मागे रेंगाळत नाही. शेवंताबाईला हे लहानपणापासून ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिने घागर आणली नव्हती.

तिची सून दिपमाला पावसाळ्यात तापाने गेली. पोरगी धुळ्याची. लग्न होऊन आली तेव्हा भाकरी वाकडी व्हायची, पण जळगावला जाऊन चॉकलेटचा क्लास केला आणि या घराचा स्वयंपाकाचा ओटा तिने कारखाना करून टाकला. गरम पाण्यावर भांडं ठेवून ती चॉकलेटची लादी वितळवायची, त्यात भाजलेले शेंगदाणे, काजू आणि मऊ पांढऱ्या मार्शमेलोचे तुकडे कालवायची, साच्यात ओतायची आणि वरून चारोळी भुरभुरायची. चारोळी मात्र सातपुड्याकडचीच. बाजाराला येणाऱ्या गुंताबाईकडून ती निवडून घ्यायची. मार्शमेलोही विकतचं चालत नसे तिला. त्यात हाडाचा चिकट रस असतो, आणि सासूच्या गळ्यात माळ. म्हणून ती साखरेच्या पाकात शेवाळाचं चायना ग्रास घालून हात दुखेपर्यंत फेटायची.

"आत्या, यामा हाडूक नही शे," ती सांगायची. "एक खाई दखा. तुमनी माळले काही व्हणार नही."

"राहू दे व माय. तुह्या त्या चाकलेटीत काय काय ऱ्हायते, मले काय माहीत," शेवंताबाई म्हणायची आणि पदराने तोंड पुसायची, जणू न खाताच लागलं होतं. एकदाही तिने तोंडात टाकलं नाही.

सून गेल्यावर फ्रिजमध्ये चॉकलेटची लादी तशीच राहिली आणि डब्यात मार्शमेलोही. मुलगा ललित स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येईनासा झाला. बाहेरच्या खोलीत जेवायचा, कंपनीत जायचा.

उन्हाळा लागला आणि दुपारच्या वेळी वास यायला लागला. भाजलेल्या दाण्यांचा, आणि त्यामागून तो गोड, कडसर वास. रस्त्यावर कुत्रंही फिरत नाही अशा उन्हात शेवंताबाई भिंतीला टेकून बसायची आणि आत कोणीतरी चमचा भांड्याच्या काठावर आपटतंय असं ऐकायची. दिपमाला चमचा तसाच आपटायची, शेवटचा थेंब पडावा म्हणून. पहिल्यांदा शेवंताबाई उठून बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली. मग सवय झाली. मग दुपारची वाट पाहणं सुरू झालं.

त्या दिवशी, आखाजीच्या आदल्या दुपारी, तिला काय वाटलं कोण जाणे, तिने लादी बाहेर काढली. इतकी वर्षं बघितलं होतं, हाताला बरोबर आठवलं. भांड्यात पाण्याचा थेंब जाऊ दिला नाही. लादी वितळवली, दाणे घातले, मार्शमेलो घातलं, साचे भरले, आणि लाइट गेली. फ्रिज बंद. पत्रे तापून तडतड वाजत होते. आता हे काही धरत नाही, कालवण होऊन बसेल, असं म्हणत ती साचे ओट्यावरच ठेवून बाहेर येऊन पडली.

शेजारची ताईबाई दाराशी आली. "शेवंता, घागर आणली का नही? का पोरीले उपाशी ठेवती?"

"आणू."

"कधी? पुढच्या आखाजीले?" ताईबाईने नाक वर केलं. "आन् वास कशाचा येऊ ऱ्हायला तुह्या घरातून? एवढ्या उन्हात चाकलेटी करू ऱ्हायली का?"

शेवंताबाई उठून बसली. इतके दिवस तिला वाटत होतं, वास फक्त आपल्यालाच येतो.

ताईबाई गेल्यावर ती आत गेली. साच्यांवरून हात फिरवला आणि हात तसाच राहिला. चॉकलेट धरलं होतं. रांजणाच्या तळासारखं गार होतं. आणि प्रत्येक वडीवर चारोळी भुरभुरलेली होती. तिने चारोळी घातली नव्हती. चारोळीची बरणी वरच्या फळीवर होती, तिचा हात तिथवर पोचत नव्हता.

तिला भीती वाटली नाही. उलट जिवाला बरं वाटलं. ती हळूच म्हणाली, "राहा व माय. मी नही आणत घागर."

संध्याकाळी ललितने घागरीचं विचारलं तर म्हणाली, "कुंभाराकडल्या संपल्या." ललित ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

आखाजीच्या सकाळी दारात किरण उभा राहिला. दिपमालाचा धाकटा भाऊ. आखाजीला लेकी माहेरी जातात, त्यांना न्यायला भाऊ मुराळी होऊन येतो, म्हणून तो दर साली यायचा. गेल्या सालीही आला होता, पण दिपमालाकडे एका लग्नासाठी चॉकलेटचे डबे भरून द्यायचं मोठं काम होतं. तिने त्याला एक डबा भरून दिला आणि पुढच्या सालचा वायदा केला. तो डबा एरंडोलच्या अलीकडेच वितळून गेला होता.

शेवंताबाईने पाणी दिलं. "बस भाऊ. तू कसा काय?"

"तिले लेवाले उनू, अक्का."

गेलेल्या बहिणीला न्यायला आला म्हणतो! तिला वाटलं, पोराचं डोकं फिरलं. किरणने डोक्याची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"गया सालले तिनी सांगेल व्हतं, पुढली आखाजीले येजो. मी उनू. मन्ही माय म्हणस, पोर आखाजीले माहेर करी नही, तवपावत तिना जीव वाटमाच ऱ्हास. पितरंस्माबी जात नही. माय सकायपाशी दारमा बशेल शे." तो थांबला. "तुम्ही धाडी द्या. मंग तुम्ही घागर भरा."

माहेर झाल्याशिवाय पोरीचा जीव वाटेतच अडकतो, पितरांतही जात नाही, हे शेवंताबाईने मनात घोळवलं. आत चमचा वाजला. भांड्याच्या काठावर, एकदाच. किरणने मान वळवून तिकडे बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अक्का, ती घाई करू ऱ्हायनी," तो म्हणाला.

खरंच होतं ते. दर आखाजीला मुराळी आला की दिपमाला अशीच घाई करायची. सासूने अजून हो म्हटलेलं नसायचं आणि हिची पिशवी भरलेली असायची. शेवंताबाईला एवढे दिवस वाटत होतं, पोरगी आपल्यासाठी मागे राहिली आहे. पोरगी तर मुराळ्याची वाट बघत चॉकलेटं करत बसली होती. माहेरी रिकाम्या हाताने कशी जाणार?

ती उठली. पाट मांडला. रिकाम्या पाटाला हळदीकुंकू वाहिलं, समोर खण, नारळ आणि तांदूळ ठेवले. मग साच्यातली चॉकलेटं काढून डब्यात भरली. सगळी भरली नाहीत. एक साचा तिने फडक्याखाली झाकून ठेवला. तेवढं तरी राहू दे, असं मनात म्हणाली.

"यंदाबी बठ्ठं पाणी व्हयी जाई," किरण डबा घेताना म्हणाला.

"बघू," शेवंताबाई म्हणाली.

ती स्टँडपर्यंत गेली. जळगावची बस लागली होती, तिथून पुढे धुळ्याची. किरणने खिडकीची जागा सोडून अलीकडे बसकण मारली. खिडकीच्या जागेवर डबा आणि ओटी ठेवली. कंडक्टर आला.

"एक पुरं, एक अर्धं," किरण म्हणाला.

"अर्धं कोणाचं?"

"बहिणीचं."

कंडक्टरने खाली उभ्या शेवंताबाईकडे बघितलं. "अर्धं तिकीट बाईमाणसाला असतं, भाऊ. बाई कुठंय? ही आजी चढणार आहे का नाही?"

"आजी नही. ती बशी गई," किरणने शेजारची जागा दाखवली.

कंडक्टर हसणार होता. पण डबा उचलून बाजूला करायला त्याने हात घातला आणि गार चटका बसल्यासारखा पटकन मागे घेतला. मग मुकाट्याने दोन तिकिटं फाडून दिली. बस हलली. शेवंताबाईने हात वर केला, खिडकीकडे बघून.

घरी आली तर आत धग होती. नुसती धग. वास नाही, काही नाही. स्वयंपाकघर पहिल्यांदाच रिकामं वाटलं. तिने फडकं उचललं. झाकून ठेवलेल्या साच्यातलं चॉकलेट वितळलं होतं. मार्शमेलो वर आलं होतं, दाणे तळाशी गेले होते. तिने बोट बुडवलं. गरम होतं, उन्हात ठेवलेल्या तेलासारखं.

तिने माळेला हात लावला आणि ते बोट तोंडात घातलं. गोड, मग कडू, मग दाण्याची चव. मार्शमेलो जिभेवर ठेवलं तर दातांना काही न लागता विरून गेलं. खरंच, त्यात हाडूक नव्हतं.

दुपारी फोन वाजला. ललितने बाहेरच्या खोलीत उचलला. ऐकलं, आणि किती तरी महिन्यांनी तो उंबरा ओलांडून आत आला.

"आई, किरणचा फोन. म्हणतो, डबा थंडगार पोचला. त्याच्या आईने हातात घेतला, तेव्हा कुठे वितळायला लागला."

शेवंताबाईने मान हलवली. साचा घासून, धुऊन ओट्यावर पालथा घातला.

"कुंभार अजून बसला असंल," ती म्हणाली. "जा, घागर घेऊन ये. आन् डांगर चांगलं पाहून आणजो. तिले पिकेल लागते."