निरोगी पायाचं पाणी

गोदामात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुढे पाणीबाबा बसले होते. दुखरा अवयव पाण्याने धुवायचा, ते धुवण पेल्यात घ्यायचं, वर कुपीतले थेंब टाकायचे आणि पेला खिडकीतल्या उन्हात ठेवायचा. थोड्या वेळात पाणी तपकिरी! लोक धडाधड पाया पडत होते.

“बघा, रोग बाहेर आला! डॉक्टरच्या गोळीला तो भीक घालत नाही, माझ्या थेंबांपुढे मात्र लाजून बाहेर पडतो!”

मला मेलीला हसूही येईना. असलं तपकिरी पाणी मी रोज प्रयोगशाळेत बघते. तिथे कुणी माझ्या पाया पडत नाही.

दादाला मधुमेह. पायाची जखम चिघळून अंगठा काळा पडत चाललेला, आणि बाबांच्या शब्दावर वहिनीने मलमपट्टी बंद केलेली. उशीर केलात तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“वन्सं, तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते,” वहिनी कुजबुजली. “रोज पाणी काळवंडतंय, म्हणजे रोग निघतोच आहे ना?”

“मग आज त्याचा दुसरा पाय धुऊ. धडधाकट पाय.”

आमच्या कामाची ही सवयच. प्रयोगाशेजारी एक साधा चंबू ठेवायचाच; त्यात बाकी सगळं तेच, फक्त जे तपासायचं ते नाही. तो नसेल तर आमचे सर निकालाकडे ढुंकूनही बघत नाहीत.

“निरोगी पायाला कशाला?” बाबा गुरगुरले.

दादाने चांगला पाय घमेल्यात ठेवला. “बघू तरी, बाबा.”

पाणी तपकिरी झालं. मग वहिनीने हात धुतले. तेही तपकिरी. बाबांचंच, काहीही न धुतलेलं कोरं पाणी घेऊन मी त्यात थेंब टाकले. ते मात्र उन्हात तसंच नितळ राहिलं.

बाबांच्या बोटांची टोकं काळी होती. लोकांचे रोग शोषून ती तशी झाली, असं ते सांगत. मी माझी बोटं वर केली. तशीच काळी.

“मी कुणाचा रोग शोषला हो? कुपीत चांदीचा क्षार आहे. कातडीला लागला की डाग पडतो. घाम आणि जंतू तर सगळ्यांच्याच अंगावर असतात. आम्ही मुद्दाम जंतूंकडून या क्षाराचे चांदीचे कण करून घेतो. ते इतके बारीक की दिसतो नुसता तपकिरी रंग. इथे घाम, मळ, जंतू आणि ऊन मिळून तसंच काहीसं करतात. रोगाचा काडीचाही संबंध नाही.”

मग मागून कुणीतरी ओरडलं, “म्हणजे बाबा पुढे होणारा रोगही आधीच काढतात! जय हो!” रांग पुन्हा सरकू लागली.

मी कपाळावर हात मारला. थकले बाई मी या लोकांपुढे.

वहिनी मात्र तीन पेल्यांकडे बघत राहिली. मग खाली बसून तिने दादाचा पाय कोरडा केला. “उठा. दवाखान्यात जाऊ.”

अंगठा गेला, पाय वाचला. “आधी आणलं असतं तर?” वहिनीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, “अंगठाही वाचला असता.” ती भिंतीकडे तोंड करून रडली. तिला काय सांगून समजवावं, मला कळेना.

तुम्हाला मात्र सांगते. चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणा, शेजारी एक साधा पेला ठेव. तो नाही म्हणाला तर उठा आणि चालू लागा, पाय आहेत तोवर.