वाऱ्यामागे गेलेला कळप

"आई, या मेंढीचं कातडं सुटत नाहीये. गोठलीय अजून."

"राहू दे. ऊन चढलं की सुटेल," खांडमा सुनेला, नोमिनला, म्हणाली. तिनं सुरी बर्फात पुसली आणि मेलेल्या मेंढ्यांच्या ढिगाकडं न बघता कंबर सरळ केली.

हिमवादळ ओसरून आठवडा होत आला होता. आभाळ निळंभोर होतं, जसं काही घडलंच नव्हतं. लोकर दाबून केलेल्या नमद्याच्या घराची एक बाजू अजून बर्फात पुरलेली होती. पण दाराशी वाट खणून झाली होती, चुलीत गोवऱ्या पेटत होत्या, वाचलेल्या मेंढ्या कुंपणात वाळकं गवत चघळत होत्या. रोजची कामं एकेक करून परत आली होती. ओत्गोन मात्र स्वतःच्या पायांनी आला नव्हता.

असल्या वादळात मेंढ्या वाऱ्याला पाठ देऊन चालू लागतात आणि थांबत नाहीत. कळप तसा निघाला तेव्हा खांडमाचा हा एकुलता मुलगा घोड्यावर बसून मागोमाग गेला. घोडा एकटाच परतला. शेजारच्या लुवसानकाकांना ओत्गोन ओढ्याच्या पात्रात सापडला, गोठलेल्या मेंढ्यांच्या मधोमध बसलेला. झोपलाय असं वाटून काकांनी आधी त्याला हाक मारली होती.

दुपारी नोमिनचा भाऊ दाशन्याम ट्रक घेऊन आला. त्यानं पिठाची पोती उतरवली, चहाचा वाडगा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ तो नुसता फुंकत राहिला.

"मावशी, रस्ता आजच मोकळा झालाय," तो शेवटी म्हणाला. "परत कधी बंद होईल नेम नाही. नोमिनला न्यायला आलोय. आमच्याकडं शाळेच्या खाणावळीत बाई हवीय. तुम्हीपण चला."

"मी तिथं येऊन काय करू? तुमच्या नळाशी भांडू?"

"मी कुठं जात नाहीये," चुलीपाशी बसलेली नोमिन म्हणाली. "मेंढ्या व्यायला आल्यात. आई एकट्या कुठं कुठं बघतील?"

खांडमाचा जीव भांड्यात पडला. हेच तिला ऐकायचं होतं. मग तिची नजर सुनेच्या फुटलेल्या हातांवर गेली. बाहेर घोड्यानं पाय आपटला तरी ही पोर झोपेतून उठून बसायची आणि दाराकडं बघत राहायची.

"तू यायच्या आधी मेंढ्या काय व्यायच्या थांबल्या होत्या?" खांडमा म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा कडक निघाला. "ऊठ. बोचकं बांध."

"हाकलताय मला?"

"हो. हाकलतेय."

नोमिन उठली. सामान फारसं नव्हतंच. ओत्गोनचा मेंढीच्या कातड्याचा कोट हातात घेऊन ती घुटमळली.

"हा ठेवू?"

"ने. तिकडंपण थंडी असतेच."

ट्रकजवळ खांडमानं सुनेचं डोकं दोन्ही हातांनी जवळ ओढलं आणि निरोपाच्या रीतीप्रमाणे तिच्या कपाळाचा वास घेतला. ट्रक हलला तशी तिनं वाट सुखाची व्हावी म्हणून चाकांमागं पळीभर दूध शिंपडलं, आणि तो टेकडीआड गेल्यावर पळी धुऊन जागेवर ठेवली.

संध्याकाळी कुंपणातली एक रोडकी मेंढी व्याली. उपाशी होती, घाबरलेली होती. कोकरू आचळाशी आलं की ढुशी देऊन लोटायची. खांडमानं ओलं पिल्लू पुसून पुन्हा तिच्यापुढं ठेवलं. तिनं पुन्हा लोटलं. अशा मेंढीला गाऊनच वळवावं लागतं आणि ते काम नोमिनचं होतं. खांडमाचा आवाज फाटका. "आई, तू गाऊ नकोस, आहेत त्यापण पळतील," असं ओत्गोन हसून म्हणायचा.

ती गुडघ्यांवर बसली. मेंढीची मान काखेत धरून, "तोईग, तोईग" हे मेंढी वळवायचे बोल हलक्या आवाजात गाऊ लागली. सूर लागत नव्हता. मध्येच ओळ तुटायची, ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. अंधार पडू लागला तेव्हा मेंढीनं मान ढिली सोडली, पिल्लाला हुंगलं, चाटलं. कोकराला आचळ सापडलं आणि त्याची शेपटी वळवळू लागली.

पोट भरल्यावर ते आईला टेकून झोपलं. मेंढी रवंथ करू लागली.

खांडमा तरी गातच राहिली.