सोडलेल्या चेंडूला कोंबडा

मी एक जुना लाल चेंडू आहे. पोटात बूच, बुचावर लोकरीचा दोरा, वर कातडं आणि मधोमध उभी शिवण. मित्रांनो, मी नवा होतो तेव्हा माझ्यात तोंड पाहून सुप्याच्या तीन माणसांनी दाढी केली होती. थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच.

सुप्याला एमआयडीसीमागच्या माळावर जामखेडशी तीन दिवसांचा सामना ठरला. गावाने लगेच त्याला 'कसोटी' म्हणून टाकलं. टेनिस बॉलच्या सामन्यांतला रिवाज मात्र कायम राहिला: षटकार मारणाऱ्याला कोंबडा बक्षीस. माइक कारभारीअण्णांच्या हातात. संघही त्यांचाच.

सलामीला रामहरी. अण्णांनी त्याला सकाळीच बजावलं होतं, "आज टाळ्या न्हाई पडल्या, तर उद्यापासनं तुझी सलामीची जागा करणला. लोकं हितं झोपाय येत न्हाईत."

जामखेडच्या हर्षलच्या हातून मी सुटलो की वारासुद्धा बाजूला सरकायचा. मी आत वळलो, बाहेर पळालो, उसळून रामहरीच्या बरगड्यांवर आदळलो. तो नुसता श्वास सोडायचा आणि पुन्हा वाकून उभा राहायचा. मी लालूच दाखवली की बॅट उचलून मला शेजारून जाऊ द्यायचा. आधी मला राग आला. मग मी थक्क झालो. एवढ्या आगीसमोर इतकं गार कुणी कसं राहू शकतं?

"आरं रामहरी, बॅट हाय का देव्हाऱ्यातला देव? हलव की जरा!" अण्णा माइकवर ओरडले. माळ खो खो हसला.

जेवणापर्यंत माझी चकाकी उतरली, शिवण बसली, अंग मऊ पडलं. मग दुसऱ्या टोकाला करण आला आणि त्याने मला धुतलं. कोंबड्यामागून कोंबडा! शेवटच्या षटकाराला मी एवढा उंच गेलो, की तिथून मला जामखेड दिसलं. उतरलो तो थेट बाभळीच्या फांद्यांत. शोधूनही कुणाला सापडलो नाही.

दुसरा जुना चेंडू होता कुणाकडे? आणला तो नवा कोरा.

पुढचं मी बाभळीवरून पाहिलं. हर्षलचा पहिला चेंडू करणच्या नाकासमोरून गेला. दुसऱ्याला बॅट फिरली, मार खाल्ला तो हवेने. करण एवढ्या मोठ्याने ओरडला की मलाही ऐकू आलं, "रामहरीदादा, बॅटला लागू दे न्हाईतर नको लागू दे, पळायचं! मला त्या टोकाला न्या!"

कशीबशी एक धाव निघाली. रामहरी समोर आला. तोच चेंडू, तीच आग. त्याने शांतपणे बॅट उचलली आणि चेंडू सोडून दिला.

माइक खरखरला. मग अण्णा हळूच म्हणाले, "मंडळी, हे असलं त्यो सकाळधरनं खेळत हुता व्हय?" आणि एकदम गरजले, "सोडलेल्या चेंडूलाबी कोंबडा! सलामीला रामहरीच!"

पुढचा चेंडूही त्याने सोडला. आख्खा माळ उभा राहिला. टाळ्यांनी बाभळीच्या शेंगा गळल्या. सांजेला सुप्यात एकही कोंबडा उरला नाही, आणि दुसऱ्या दिवशी गाव उशिरा उठलं!

खेळ संपल्यावर मला शोधत रामहरी स्वतः बाभळीवर चढला. माझ्या बसलेल्या शिवणीवरून अंगठा फिरवत म्हणाला, "लई दमवलंस, गड्या."

आता मी त्याच्या खिडकीत असतो. मित्रांनो, षटकाराला जरूर नाचा. पण त्याआधी चेंडूची चकाकी कुणी उतरवली, तेही विचारा. आणि कधी इकडे आलात, तर माझ्यावरची धूळ पुसा, पण मला चकचकीत करू नका. माझ्या अंगावरची ही झीज रामहरीची आहे.